मोठी संख्या समोर आली की काय काढायचं आणि कुठल्या क्रमाने

ऐरोलीत संध्याकाळी आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप अभ्यासाला बसतो, कोणी रेल्वेची परीक्षा देतंय, कोणी बँकेची, दोघी एमपीएससीवाल्या, आणि एक नववीतला पोरगा आहे जो खरं तर ताईसोबत टाइमपास करायला येतो पण गणितात सगळ्यांना भारी पडतो. दर शनिवारी मी फळ्यावर एक मोठी संख्या लिहितो आणि सांगतो, हिच्याबद्दल जे जे काढता येईल ते काढा. मूळ अवयव, विभाजक किती, त्यांची बेरीज, वर्ग आहे का, बायनरीत (म्हणजे नुसत्या ० आणि १ मधे) कशी दिसते, सगळं. आणि दर शनिवारी चुका त्याच त्याच. सूत्रं सगळ्यांना पाठ असतात, गडबड होते ती क्रमात: अवयव पूर्ण पाडायच्या आधीच लोक विभाजक मोजायला घेतात, मग मधे एक अवयव राहून गेलेला निघतो आणि खालचं सगळं पान फुकट. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

संख्या घेऊ आपल्याच जिल्ह्याची. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या होती १,१०,६०,१४८ (पालघर तेव्हा वेगळा झाला नव्हता). आठ अंकी आहे, हाताने जमते, आणि हिच्यात जवळजवळ सगळे खड्डे एकदाच भेटतात.

## टप्पा ०: पेन उचलायच्या आधी

चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एकच अंक. हसू नका, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या चुका अंक एकाखाली एक न आल्यामुळे असतात.

पानाच्या कडेला १०० पर्यंतच्या मूळ संख्या आधीच लिहून ठेवा, एकूण २५ आहेत: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७. लिहून झाल्या की मोजा, २५ भरल्या पाहिजेत. २६ आल्या तर बहुतेक ९१ घुसलाय, तो ७ × १३ आहे. ५१ आणि ८७ पण असेच घुसतात, दोघांनाही ३ ने भाग जातो.

आणि पानाच्या उजव्या बाजूला एक उभी पट्टी कच्च्या भागाकारासाठी सोडा. कच्चं काम वेगळ्या कागदावर केलं की तो कागद नेमका तपासताना सापडत नाही.

## टप्पा १: संख्या उतरवून घ्या आणि स्वल्पविराम काढून टाका

संख्या फळ्यावरून किंवा मोबाइलवरून उतरवली की उलट्या बाजूने, म्हणजे उजवीकडून डावीकडे, एकेक अंक बोटाने जुळवून बघा. मागे एकीने १४८ च्या जागी १८४ लिहिलं होतं. मजा बघा, १,१०,६०,१८४ ला पण ४ ने भाग जातो, ३ ने पण जातो, त्यामुळे पहिली दहा मिनिटं तिला काहीच शंका आली नाही. पुढे सगळ्यांचा ११ आला आणि हिचा काही येईना, तेव्हा कुठे कळलं, तोवर अर्धा तास गेलेला.

आता महत्त्वाचं. आपण आकडे लिहितो ते लाख-कोटीच्या पद्धतीने, १,१०,६०,१४८. पण पुढे ७, ११, १३ ची जी चाचणी लावायची आहे तिला उजवीकडून सरळ तीन-तीनचे गट लागतात. म्हणून स्वल्पविराम पुसा आणि अशी लिहा:

११ | ०६० | १४८

सावधान: मधल्या गटातला पुढचा शून्य सोडू नका, ०६० असंच लिहा. गट पाडताना शून्य सोडणारे लोक पुढे भागाकारातही शून्य सोडतात, हे मी खूप बघितलंय.

## टप्पा २: भागाकार न करता जे दिसतं ते लिहा

याला दोन मिनिटं पुरतात.

- एकूण अंक आठ, संख्या सम.
- अंकांची बेरीज १+१+०+६+०+१+४+८ = २१, परत बेरीज ३. म्हणजे ३ ने भाग जाणार, ९ ने नाही.
- शेवटचे दोन अंक ४८, म्हणजे ४ ने भाग जाणार. शेवटचे तीन १४८, त्याला ८ ने भाग जात नाही, म्हणजे या संख्येलाही नाही.
- शेवटचा अंक ८. पूर्ण वर्गाच्या शेवटी २, ३, ७, ८ कधीच येत नाही, म्हणजे ही पूर्ण वर्ग नाही, विषय संपला.
- वर्गमूळ कुठे पडतं तेवढं बघा: ३३२५ चा वर्ग १,१०,५५,६२५ आणि ३३२६ चा १,१०,६२,२७६. म्हणजे ३३२५ आणि ३३२६ च्या मधे.

हे सगळं पानावर वरच्या कोपऱ्यात लिहून त्याला चौकट करा. पुढे ज्या ज्या वेळी उत्तर या चौकटीशी भांडेल त्या त्या वेळी चूक तुमची आहे.

## टप्पा ३: २, ३, ५ पूर्ण संपवा

"पूर्ण संपवा" यातला पूर्ण शब्द महत्त्वाचा. २ ने एकदा भाग गेला की ३ कडे पळायचं नाही, जोपर्यंत जातोय तोपर्यंत २ च.

१,१०,६०,१४८ ÷ २ = ५५,३०,०७४
५५,३०,०७४ ÷ २ = २७,६५,०३७

विषम आली, २ संपला. अंकांची बेरीज ३०, म्हणून ३:

२७,६५,०३७ ÷ ३ = ९,२१,६७९

हिची बेरीज ३४, ३ संपला. शेवटी ९ आहे म्हणून ५ नाहीच.

सावधान: पहिल्याच भागाकारात दर आठवड्याला कोणीतरी ५,५३,०७४ लिहितं. मधे ६० मधला शून्य आणि त्यानंतरचा १, दोन्हीकडे भागाकारात शून्य द्यावा लागतो आणि एक गळतो. याला उपाय सोपा आहे, भागाकार करायच्या आधी उत्तर किती अंकी येणार ते लिहा. आठ अंकी संख्या, सुरुवातीला ११, २ ने भागतोय, म्हणजे साधारण पंचावन्न लाख, सात अंकी. सहा अंकी आलं की पुढे जाऊच नका.

तपासा: चौकटीत लिहिलं होतं ४ ने जातो ८ ने नाही. २ दोनदाच गेला, जुळतंय.

## टप्पा ४: ७, ११, १३ एका दमात

१००१ = ७ × ११ × १३. म्हणून तीन-तीनचे गट उजवीकडून आलटून पालटून वजा-बेरीज केले की जी छोटी संख्या येते तिच्यावर तिन्ही चाचण्या लागू पडतात.

आधी पूर्ण संख्येवर करून दाखवतो: १४८ − ६० + ११ = ९९.
९९ ला ७ ने भागलं तर बाकी १, नाही. ११ ने भाग जातो, हो. १३ ने बाकी ८, नाही.

आता तीच गंमत लाख-कोटीच्या गटांवर केली की काय होतं बघा: १४८ − ६० + १० − १ = ९७. ९७ ला ११ ने भाग जात नाही. म्हणजे "११ नाही" असं लिहून मोकळे! नव्वद टक्के वेळा ११ इथेच निसटतो आणि पोरं म्हणतात सर मी तर चाचणी लावली होती. चाचणी बरोबर होती हो, गट आपल्या पद्धतीचे होते.

दुसरी चूक याच जागी: ९९ आला म्हणून "९ ने पण जातो" असं काही जण लिहितात. ही चाचणी फक्त ७, ११ आणि १३ साठी आहे, ९ साठी नाही. ९ चा निकाल चौकटीत आधीच लागलाय, बेरीज २१.

काम आता उरलेल्या संख्येवर करायचं. ९ लाख २१ हजार ६७९, गट ९२१ | ६७९. ६७९ − ९२१ = −२४२. वजा चिन्ह आलं तर घाबरायचं नाही, २४२ च बघा. ७ नाही (बाकी ४), ११ हो (११ × २२), १३ नाही (बाकी ८).

९,२१,६७९ ÷ ११ = ८३,७८९

परत तीच चाचणी, कारण ११ दुसऱ्यांदा पण जाऊ शकतो: ७८९ − ८३ = ७०६. ७ ने बाकी ६, ११ ने २, १३ ने ४. तिघांची सुट्टी.

## टप्पा ५: १७ पासून पुढे, आणि नेमकं कुठे थांबायचं

इथून पुढे हुशारी नाही, सरळ भागाकार. ८३,७८९ ला १७ ने बाकी १३, १९ ने बाकी १८, २३ ने पूर्ण भाग:

८३,७८९ ÷ २३ = ३,६४३

आता ३६४३ मूळ आहे का? याच प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, आणि दोन्ही टोकाला जातो.

एक टोक म्हणजे घाई. ३६४३ दिसायलाच मूळ वाटते, वाटते ना, मग लिहून टाकतात मूळ. वाटण्यावर काही नसतं. नौपाड्याचा पिनकोड घ्या, ४,००,६०२. ६ ने भागलं की ६६,७६७ उरतात. याला ७ नाही, ११ नाही, १३ नाही, असं करत करत पोरं ९७ पर्यंत जातात, कडेला लिहिलेली यादी संपते, आणि यादी संपली म्हणजे संख्या मूळ असा निष्कर्ष काढतात. पण ६६,७६७ चं वर्गमूळ २५८ च्या थोडं वर आहे, म्हणजे २५७ पर्यंत जाणं भाग आहे. आणि १७९ ला भाग जातो! ६६,७६७ = १७९ × ३७३. १७९ ही मूळ संख्यांच्या रांगेत ४१ वी आहे, २५ वर थांबलेल्याला ती कशी दिसणार.

दुसरं टोक म्हणजे उगाच पुढे जाणं. सुरुवातीच्या संख्येचं वर्गमूळ ३३२५ होतं म्हणून काही जण ३३२५ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायला निघतात, त्या चारशेच्या वर आहेत, शनिवार संपून रविवार उजाडेल. मर्यादा नेहमी उरलेल्या संख्येच्या वर्गमूळाची. ती कशी खाली येते बघा: सुरुवातीला ३३२५, दोनदा २ गेल्यावर १६६२, ३ गेल्यावर ९६०, ११ गेल्यावर २८९, आणि २३ गेल्यावर फक्त ६०. म्हणून अवयव मिळाला की लगेच भाग देऊन संख्या लहान करायची, "नंतर एकदम भागू" असं ठेवायचं नाही.

६० चा वर्ग ३६००, ६१ चा ३७२१, ३६४३ मधे बसते. म्हणजे ५९ पर्यंत. आणि सुरुवात २ पासून नको, २ ते १९ आधीच बाद झालेत, मोठ्या संख्येला जात नव्हते ते तिच्या तुकड्याला कुठून जातील. २३ मात्र परत तपासायचा, तो दुसऱ्यांदा जाऊ शकतो. नऊच भागाकार राहतात:

- २३ ने बाकी ९
- २९ ने बाकी १८
- ३१ ने बाकी १६
- ३७ ने बाकी १७
- ४१ ने बाकी ३५
- ४३ ने बाकी ३१
- ४७ ने बाकी २४
- ५३ ने बाकी ३९
- ५९ ने बाकी ४४

एकही शून्य नाही. ३६४३ मूळ. आता लिहा:

१,१०,६०,१४८ = २² × ३ × ११ × २३ × ३६४३

बाक्या लिहिण्याचा कंटाळा करू नका. नुसत्या "नाही, नाही, नाही" लिहिलेल्या वहीत चूक शोधता येत नाही, बाकी लिहिलेली असली की मित्र दोन मिनिटात तपासून देतो.

## टप्पा ६: उलट तपासणी, ही टाळायची नाही

पूर्ण गुणाकार करा: ४ × ३ × ११ × २३ = ३०३६, आणि ३०३६ × ३६४३ = १,१०,६०,१४८. आला. परीक्षेत एवढा वेळ नसेल तर छोट्या दोन चाचण्या लावा, पण दोन, एक नाही.

पहिली ९ ची. प्रत्येक अवयवाच्या अंकांची बेरीज: ४, ३, २, ५, आणि ३६४३ ची १६ म्हणजे ७. गुणाकार ८४०, बेरीज १२, परत ३. चौकटीत ३ होते. जुळलं.

पण अंकांची अदलाबदल ९ ची चाचणी पकडत नाही. कोणी ३६४३ च्या जागी ३४६३ लिहिलं तरी बेरीज १६ च, चाचणी पास. म्हणून दुसरी लावायची ७ ची. पूर्ण संख्येची ७ ने बाकी १ होती (९९ वरून काढली होती). अवयवांच्या ७ ने बाक्या: ४, ३, ४, २, ३. गुणत जा आणि ७ काढत जा: १२ चे ५, २० चे ६, १२ चे ५, १५ चा १. जुळलं. ३४६३ असतं तर शेवटी ४ आला असता आणि लगेच पकडलं गेलं असतं.

सावधान: दुसरी चाचणी ११ ची लावू नका. ११ स्वतःच अवयव आहे, दोन्हीकडे शून्यच येणार, बाकीचे अवयव कितीही चुकलेले असोत. अवयवात नसलेली संख्या निवडायची.

## टप्पा ७: विभाजक किती आणि कोणते

घातांकात प्रत्येकी १ मिळवून गुणाकार: (२+१) × (१+१) × (१+१) × (१+१) × (१+१) = ४८.

इथली नेहमीची चूक म्हणजे २² ला २ धरणं, मग ३२ येतात. आणि प्रश्न नीट वाचा, कधी "१ आणि ती संख्या सोडून" विचारतात, मग ४६. विषम विभाजक विचारले तर २ चा भाग सोडून द्या, १६. पूर्ण वर्ग असलेले विभाजक फक्त दोन, १ आणि ४.

४८ विभाजक प्रत्यक्ष लिहायचे असतील तर डोक्यात येईल तसे लिहू नका, हमखास दोन-तीन राहतात. १२ चे सहा विभाजक एका ओळीत लिहा आणि त्यांना ११, २३, २५३ ने गुणत चला:

१, २, ३, ४, ६, १२
११, २२, ३३, ४४, ६६, १३२
२३, ४६, ६९, ९२, १३८, २७६
२५३, ५०६, ७५९, १०१२, १५१८, ३०३६

हे झाले २४. उरलेले २४ म्हणजे यातल्या प्रत्येकाला ३६४३ ने गुणायचं, बस. या संख्येत मला आवडलेली गोष्ट ही की वर्गमूळाच्या (३३२५) खालचे सगळे विभाजक बरोबर या चार ओळीतच आहेत आणि वरचे सगळे ३६४३ वाले. त्यामुळे सगळ्यात जवळची जोडी ३०३६ × ३६४३. दरवेळी असं सुंदर जमत नाही, इथे मोठा अवयव वर्गमूळाच्या पलीकडे आहे म्हणून जमलं.

## टप्पा ८: बेरीज, सहमूळ, आणि "किती ने गुणल्यास पूर्ण वर्ग"

विभाजकांची बेरीज. प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासून त्याच्या पूर्ण घातापर्यंत बेरीज घ्यायची आणि सगळ्यांचा गुणाकार: (१+२+४) × (१+३) × (१+११) × (१+२३) × (१+३६४३) = ७ × ४ × १२ × २४ × ३६४४ = २,९३,८५,२१६. चूक कुठे होते? २² साठी १+४ = ५ घेतात, मधला २ विसरतात.

यातून संख्या स्वतः वजा केली की १,८३,२५,०६८ उरतात, म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीजच संख्येपेक्षा मोठी आहे. हा एक चांगला चेक पण आहे: ६ च्या पुढे ६ च्या पटीतली कुठलीही संख्या घ्या, ही बेरीज तिच्यापेक्षा मोठीच येते. आपल्या संख्येला ६ ने भाग जातो, तुमची बेरीज कमी आली असेल तर परत करा.

सहमूळ किती. १ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी एकही मूळ अवयव सामाईक नसलेल्या संख्या किती? २² चे २, मग २, १०, २२, ३६४२, सगळ्यांचा गुणाकार ३२,०४,९६०. इथे प्रत्येक अवयवातून १ वजा करतात ते ठीक, पण २² मधला जास्तीचा २ गुणायचा राहतो आणि उत्तर बरोबर निम्मं येतं, १६,०२,४८०. पर्यायात हे निम्मं उत्तर पण दिलेलं असतं, पेपर काढणाऱ्यालाही माहीत असतं आपण कुठे पडतो ते.

पूर्ण वर्ग करायला. ज्यांचा घातांक विषम त्यांना अजून एकेकदा गुणा: ३ × ११ × २३ × ३६४३ = २७,६५,०३७. ही संख्या टप्पा ३ मधे आपल्याला आधीच मिळाली होती, परत गुणाकार करत बसू नका.

मसावि. अवयव पाडलेले असले की दहा सेकंदांचं काम. ऐरोलीचा पिनकोड ४,००,७०८ = २² × ७ × ११ × १३०१. दोघांत सामाईक २² आणि ११, मसावि ४४.

## टप्पा ९: बायनरी

२ ने चोवीस वेळा भागण्यापेक्षा १६ ने सहा वेळा भागा. बाक्या क्रमाने येतात ४, ११, ३, १२, ८, १०. आता खालून वर वाचायच्या आणि प्रत्येकीचे चार बिट (० किंवा १ असे चार अंक) लिहायचे:

१०१० १००० ११०० ००११ १०११ ०१००

दोन चुका: बाक्या वरून खाली लिहिणं, आणि ३ ला नुसतं ११ लिहिणं. चार म्हणजे चारच, ००११. सगळ्यात डावीकडच्या गटाच्या पुढचे शून्य फक्त सोडता येतात.

तपासा: शेवटी बरोबर दोन शून्य, म्हणजे ४ ने भाग जातो ८ ने नाही. परत चौकटीशी जुळलं.

## टप्पा १०: मोबाइल आणि एक्सेल वापरणार असाल तर

आठ-दहा अंकांपर्यंत कॅल्क्युलेटर खुशाल वापरा. पुढे मात्र जपून. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं, १६ अंकी संख्या टाकली की शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो आणि मग तुम्ही भलत्याच संख्येचे अवयव पाडत बसता, त्यात ५ आणि २ हमखास निघतात. सोळा अंकी संख्येला १० ने भाग गेला आणि तुम्ही टाकलेल्या संख्येच्या शेवटी शून्य नव्हता तर हेच झालंय.

पायथनमधे पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण भागाकाराला एक तिरकी रेघ दिली की उत्तर दशांशात जातं आणि ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ च्या पुढे पूर्णांकांतले अंक गळायला लागतात (हे गट मुद्दाम तीन-तीनचे केलेत). दोन तिरक्या रेघा द्या.

काही प्रोग्राम मूळ संख्या ओळखायला झटपट चाचणी लावतात, संख्येपेक्षा एकने कमी इतका २ चा घात करून त्याच संख्येने भागतात आणि बाकी १ येते का बघतात. ती "मूळ नाही" म्हणाली तर पक्कं, "मूळ आहे" म्हणाली तर नाही. २ चा ३४० वा घात ३४१ ने भागला तर बाकी १ येते, अगदी मूळ संख्येसारखी, पण ३४१ = ११ × ३१.

आणि गंमत म्हणून सुद्धा स्वतःचा आधार नंबर किंवा कार्डाचा नंबर कुठल्या साइटवर टाकून अवयव बघू नका. पिनकोड घ्या ना, भरपूर आहेत.

## सराव

तीन पिनकोड देतो, उत्तरांसकट, पण आधी करा मग बघा. सगळे ४०० ने सुरू होतात म्हणून टप्पा ४ ची चाचणी नुसती शेवटचे तीन अंक वजा ४०० अशी होते.

ऐरोली, ४,००,७०८. ७०८ − ४०० = ३०८, ७ आणि ११ दोन्ही एकदम सापडतात. विभाजक २४, बेरीज ८,७४,९४४, सहमूळ १,५६,०००.

कळवा, ४,००,६०५ = ३ × ५ × १७ × १५७१. २०५ वरून ७, ११, १३ तिन्ही बाद. विभाजक १६, बेरीज ६,७९,१०४, सहमूळ २,००,९६०. १५७१ साठी ३७ पर्यंत जावं लागतं, सुरुवात १७ पासून.

वागळे इस्टेट, ४,००,६०४ = २² × १,००,१५१. हा मुद्दाम शेवटी ठेवलाय. १,००,१५१ मूळ आहे, पण ते वहीत दाखवायचं म्हणजे ३१३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बाक्या लिहायच्या, २ धरून ६५. आमच्यात आजवर एकानेच पूर्ण केलं, त्या नववीतल्या पोराने, ठाणे ते वाशी लोकलमधे उभ्या उभ्या, आणि त्यातल्या दोन बाक्या चुकल्या होत्या.